टिचकीकाकांनी विकलेलं घर

टिचकीकाकांची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांनी माझा ठरलेला सौदा मोडला त्या दिवशी. घेणाऱ्यांना घर आवडलं होतं, विकणाऱ्यांना घेणारे आवडले होते, फक्त बयाणा द्यायचा बाकी होता. एवढ्यात घेणाऱ्याच्या मेव्हण्यामागून एक उंच, वाळका म्हातारा आत आला. चपला दारात काढल्या, कोणाशी नमस्कार-चमत्कार नाही, सरळ न्हाणीघरामागच्या भिंतीपाशी गेला आणि टिचकी मारली. मग एक वीत खाली. मग आणखी खाली. नंतर डोळे मिटून भिंतीला नाक लावलं. "आतून ओली आहे," एवढंच म्हणाला आणि समोर आलेला चहा तसाच ठेवून निघून गेला. हातातोंडाशी आलेला घास गेला. त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या, त्या लिहिण्यासारख्या नाहीत.

मी घरं विकून देते. माझ्या पाटीवर 'घर सल्लागार' असं लिहिलंय, लोक एजंट म्हणतात, आणि काका मला आजही 'दलालबाई' म्हणतात. त्यांचं खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी गिलावा केला. खांदे कामातून गेले तेव्हा थापी खाली ठेवली, पण भिंत दिसली की हात आपोआप वर जायचा. कोणाकडे बसायला गेले तरी बोलता बोलता मागे टिचकी. काकू म्हणायच्या, "यांना लग्नाला न्या नाहीतर मयताला, हे भिंतच बघून येणार."

मग लोक घर घेण्याआधी त्यांना न्यायला लागले. 'घर पाहावं बांधून' असं म्हणतात. काका म्हणायचे, बांधून बघायची ऐपत आता कोणाची आहे, घेताना डोळे उघडे ठेवा म्हणजे झालं. आणि मग त्यांची गाडी सुरू व्हायची. घर बघायला दोनदा जा, एकदा भर उजेडात आणि एकदा सगळे कामावरून परत आल्यावर, कारण सकाळी अकरा वाजता कुठलंही घर शांत असतं आणि कुठल्याही नळाला पाणी असतं. सगळे नळ एकदम सोडा, मग धार बघा. फरशीवर गोटी सोडा, ती कुठे जाते ते बघा. भिंतीला टेकलेलं कपाट मालक सरकवू देत नसेल तर उठा. कॅलेंडर कमरेच्या उंचीवर टांगलेलं असेल तर ते तारीख बघायला टांगलेलं नाही. चारांतली एकच भिंत ताजी रंगवलेली असेल तर मालकाला विचारू नका, खालच्या मजल्यावरच्या बाईला विचारा, वरच्या मोरीची खरी हकीकत तिच्या छताला माहीत असते. कागद वकिलाला दाखवा, तोही स्वतः शोधलेल्या, विकणाऱ्याने सुचवलेल्या नव्हे. आणि घर पसंत पडलं तरी त्याच दिवशी हो म्हणू नका, एक दिवस जाऊ द्या, घर कुठे पळून जात नाही.

हे शेवटचं ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. घर पळत नाही हो, गिऱ्हाईक पळतं!

बघायला गेलेल्या घरात ते पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचे नाहीत. ज्याचा चहा प्यायला त्याच्या भिंतीला नावं ठेवताना जीभ अडखळते, असं त्यांचं म्हणणं. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं, की ज्या घराला काकांनी नुसतं 'बरं आहे' म्हटलं ते घर दोन दिवसांत जायचं. त्यांच्या 'बरं आहे'वर लोक डोळे मिटून सही करायचे. मग मीच त्यांना न्यायला जाऊ लागले. अडला हरी म्हणतात तशातला प्रकार. फक्त आमच्या दोघांत गाढव कोण, हे सांगणं कठीण.

काका आणि काकू तिसऱ्या मजल्यावर राहायचे. इमारतीला लिफ्ट नाही. काकूंनी तीस वर्षं एका शाळेत शिपायाचं काम केलेलं, घंटा वाजवायची, वर्ग उघडायचे, पोरांच्या मागे धावायचं. बसून राहणं त्या बाईला ठाऊकच नव्हतं. निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी स्वयंपाकघरात पाय घसरला आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण घरातल्या घरात वॉकर धरून चार पावलं, याच्यापुढे गाडी गेली नाही. दोन वर्षांत त्या दोनदाच खाली उतरल्या, दोन्ही वेळा खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून, दवाखान्यासाठी. पुढच्या खोलीत खिडकीजवळ त्यांची खाट होती. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसायच्या. "तीन नंबरची टाकी रोज सव्वासातला वाहते," त्या मला सांगायच्या. "कोणीतरी त्यांना सांगा गं."

मागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या निघाल्या तेव्हा सगळ्यात आधी मी काकांकडे धावले. घर एका नर्सबाईंचं होतं, त्यांची बदली झाली होती. दाराला एकच पायरी, आणि दारासमोर दोन खाटा मावतील एवढी मोकळी माती. काकांनी टिचक्या मारल्या, नाक लावलं, म्हणाले, "बरं आहे." नर्सबाईंनी सांगितलं, महिनाअखेरपर्यंत थांबते, पुढे नाही, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. म्हणजे महिन्याच्या आत काकांचं तिसऱ्या मजल्यावरचं घर विकलं जायला हवं होतं. ते विकल्याशिवाय हे घेणं शक्य नव्हतं.

आणि काकांच्या घरात ओल होती.

आतल्या खोलीची भिंत. वरच्या घराच्या मोरीखाली, स्लॅबच्या पोटात, एक नळी फुटलेली होती. ती बदलायची तर वरची फरशी फोडायला हवी. वरचा मालक दुसऱ्या शहरात राहणारा, फोन उचलायचा नाही, पत्राला उत्तर द्यायचा नाही, भाडेकरू तेवढे ठेवायचा. भाडेकरू आले की पंधरा दिवसांत काकांची भिंत ओली. ते गेले की वाळायची. अकरा वर्षं हेच. गावभरच्या भिंतींचा वैद्य स्वतःच्या भिंतीपुढे हात टेकून बसला होता. "दुखणं माझ्या घरात असतं तर मी काढलं असतं," ते म्हणायचे. "ते वरच्याच्या घरात आहे."

त्या वेळी वरचं घर पाच महिने रिकामं होतं. भिंत खडखडीत वाळलेली. फक्त फुगे आणि मिठासारखे पांढरे डाग राहिलेले. पाच महिने रिकामं म्हणजे देवच पावला, असं मला वाटलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं. नवराबायकोला घर आवडलं. मी कागदांचं बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात काका त्यांना आत घेऊन गेले. "हे बघा. वर माणसं आली की इथून इथपर्यंत ओल येते. बरी होणार नाही." गिऱ्हाईक जिना उतरून गेलं ते गेलंच. दुसऱ्याला त्यांनी ओल कशी उतरते ते पेन्सिलीने भिंतीवर काढून दाखवलं. तिसरा तर म्हणाला, "काका, तुम्ही एवढे प्रामाणिक आहात, तुमच्या ओळखीचं दुसरं एखादं घर असेल तर सांगा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काका, मूग गिळून बसणं म्हणजे काय ते ऐकलंय का कधी?"

"विचारल्यावर सांगायला नको?"

"त्यांनी विचारलंच नव्हतं!"

"विचारायला हवं होतं," काका म्हणाले.

मी डोक्याला हात लावला. महिना संपायला तेरा दिवस उरले होते. काकू खाटेवरून सगळं ऐकत होत्या. दोन वर्षांत त्यांच्या तोंडून मी एकदाही कुरकुर ऐकली नव्हती, टाकीबद्दल सोडून. त्यांनी काकांना हाक मारली.

"अहो, आजवर किती जणांना घर बघून दिलंत तुम्ही?"

"मोजले नाहीत कधी."

"तीनशे तरी असतील. मला एक द्या."

काका उठले. स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ उभे राहिले. मीही नळावर हात धुण्याचं निमित्त करून आत गेले, तर ते रिकाम्या ओट्याकडे बघत होते. खरं सांगते, त्या वेळी मला त्यांची दया आली नाही. मला वाटलं, चला, म्हातारा वठणीवर आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंत खरवडायला घेतली. आठ दिवस लागले, कारण त्यांनी एकच भिंत केली नाही, सगळं घर केलं. एकच भिंत ताजी दिसली तर कोणीही विचारेल, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? खांद्याला फडकं बांधून, दर तासाला खाली बसत, त्यांनी फुगे काढले, पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली. रंगात चिमूटभर काळा मिसळून त्याचा नवेपणा मारला. खिडक्या उघड्या टाकून वास घालवला. आणि त्या भिंतीला वर्षानुवर्षं टेकलेलं कपाट उचलून समोरच्या बाजूला ठेवलं, म्हणजे ती भिंत अशी उघडी, मोकळी, कोणीही यावं आणि हात लावावा. चोराच्या वाटा चोरापेक्षा फौजदाराला जास्त पाठ असतात. मी हात लावून बघितला. मला ठिकाण माहीत होतं तरी सापडेना.

"काका, कमाल केलीत!"

ते ब्रश धूत होते. "एवढं चांगलं काम मी कोणाकडेच केलेलं नाही," म्हणाले. त्यात अभिमान नव्हता. मला मात्र तेव्हा तो अभिमानच वाटला.

घर बघायला आले ते चित्रकलेचे मास्तर, त्यांची बायको आणि सात वर्षांची मुलगी. मास्तर आणि काका एकमेकांना ओळखत होते. चार वर्षांपूर्वी मास्तर एक घर घेणार होते, काकांनी टिचकी मारून नको म्हटलं होतं, आणि पुढच्याच वर्षी त्या घराचा सज्जा खाली आला होता. मास्तरांच्या बायकोने दारातच काकांना वाकून नमस्कार केला. मला वाटलं, झालं, आता हे सगळं सांगून टाकणार.

मास्तरांनी शिकवल्याबरहुकूम सगळं केलं. नळ सोडले. गोटी आणली होती, ती सोडली. प्रत्येक भिंतीला टिचकी मारली, आतल्या खोलीतल्या भिंतीलाही. बायको म्हणाली, "ही खोली हिला देऊ." मुलगी लगेच कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, आपला पलंग इथे म्हणून. मग सगळे बाहेरच्या खोलीत आले. मास्तर हसत म्हणाले, "काका, मी आपलं बघितलं तुमच्यासारखं, पण मला कुठे तुमच्याइतकं कळतंय? तुम्हीच सांगा. ओल वगैरे येते का कधी?"

त्यांनी विचारलं होतं.

काकू खाटेवर बसल्या होत्या. त्या काकांकडे बघत नव्हत्या, खिडकीबाहेर बघत होत्या. वॉकरच्या दांडीवरचा त्यांचा हात मात्र मला दिसत होता.

"नाही," काका म्हणाले. "बरं आहे."

मास्तरांनी तिथल्या तिथे हो म्हटलं. एक दिवस जाऊ द्यायची गरज त्यांना वाटली नाही, कारण घर काकांचं होतं.

महिनाअखेरीला काकूंना शेवटचं खुर्चीत बसवून खाली आणलं. नव्या घराच्या दारात आल्यावर त्या उचलणाऱ्यांना म्हणाल्या, "आत नको, इथेच ठेवा." खुर्ची मातीवर ठेवली. त्यांनी चपला काढायला लावल्या आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. बोटं मातीत रुतवली. नुसत्या रडत होत्या, आणि मीही रडले. काका ट्रंक घेऊन आत-बाहेर करत होते. मला वाटलं, जगात याच्यापेक्षा चांगलं काम मी केलेलं नाही. अजूनही त्या एका दुपारपुरतं मला तसंच वाटतं, काय करू?

त्यानंतर काका घरं बघायला यायचे बंद झाले. मी बोलवायला गेले की आज खांदा दुखतो, उद्या काकूंना दवाखान्यात न्यायचंय. एकदा जबरदस्तीने नेलं, तर भिंतीसमोर हात वर करून तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "दलालबाई, तुम्हीच बघा ना." मी चिडले. भाव खातोय म्हातारा, असं मला वाटलं.

तीन महिन्यांनी वरच्या घरात भाडेकरू आले. सात माणसं.

मास्तर आले तो रविवार होता. मी घरपट्टीवरच्या नावबदलाचे कागद द्यायला काकांकडे गेले होते. काकू दारात उन्हाला बसल्या होत्या. त्या दिवसांत त्या वॉकर घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जायच्या, शेजारच्या मुलांना दटावायच्या, अंगावर जरा मांस चढलं होतं. मास्तर हातात फळांची पिशवी घेऊन आले. चप्पल काढण्याआधीच म्हणाले, "काका, जरा सल्ला हवाय. आतल्या खोलीच्या भिंतीला ओल आलीय. पार पलंगापर्यंत. मुलीचा खोकला महिनाभर हटत नाहीये. डॉक्टर म्हणतात, घरात कुठे ओल आहे का बघा. तुम्हाला काय वाटतं, कुठून येत असेल?"

एका अक्षराने दोष दिला नाही त्यांनी. शंकासुद्धा नाही. फळं काकूंच्या मांडीवर ठेवली.

काका उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की आता ते बोलणार. "मास्तर," ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, तेव्हा मी..."

"यांचं नाक गेलंय," काकू म्हणाल्या.

आम्ही तिघंही त्यांच्याकडे वळलो.

"दोन वर्षं झाली. वास म्हणून येत नाही. दूध करपलं तरी कळत नाही. बोटांनाही आता पूर्वीसारखं समजत नाही. लोक बोलवायचे, हे आपले जायचे, नाही म्हणवायचं नाही. मीच कोणाला सांगू दिलं नाही. माणसाची तेवढीच तर अब्रू होती." काकू घंटेच्या आवाजात बोलणारी बाई, पण त्या दिवशी हळू बोलल्या. "चुकलं असेल त्यांचं. माफ करा."

काका काकूंकडे बघत राहिले. इतका वेळ, की मला वाटलं, आता ओरडतील. त्यांना नाकारता आलं असतं. पण नाकारायचं म्हणजे काकूंना खोटं पाडायचं, परक्या माणसासमोर, त्या दारात. ते पुन्हा खाली बसले.

"हो," म्हणाले. "गेलंय."

मास्तरांचाच चेहरा पडला. "अहो, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? वयाप्रमाणे होतंच. मी उगाच आलो." त्यांनी काकांचा हात हातात घेतला. मी कागदांत डोकं घातलं. मूग गिळून बसा म्हणून तिसऱ्या गिऱ्हाइकानंतर त्यांना धारेवर धरलेली, रंगवलेली भिंत बघून 'कमाल केलीत' म्हणालेली मीच होते, पण मी तोंड उघडलं नाही. पुढे आठवडाभरात काकांचं नाक गेल्याचं सगळीकडे झालं. नळवाल्याने मला विचारलं, रंगाऱ्याने विचारलं, नवी गिऱ्हाइकं विचारतात, काकांना न्यायचं का हो घर बघायला? मी म्हणते, त्यांचं नाक गेलं. लोक चुकचुकतात. ज्यांना त्यांनी पूर्वी घरं बघून दिली, त्यांतले काही आपापल्या भिंतींकडे आता जरा संशयाने बघतात.

मास्तरांना मात्र त्या दिवशी काकांनी सगळं नीट सांगितलं. मुलीला त्या खोलीत झोपवू नका, आजपासूनच. वरच्या मालकाला साधं पत्र नको, वकिलाकडून नोटीस पाठवा, तारखेसह फोटो काढून ठेवा. नळी बदलेपर्यंत वरून रंग मारू नका, ओल आत कोंडते. तोवर गिलावा फोडून भिंत उघडी टाकू, निदान हवा लागेल. "मी येतो," ते म्हणाले. मास्तर नको नको म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी काका छिन्नी-हातोडी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. मीही गेले, जिना चढताना त्यांची पिशवी धरायला. आतल्या खोलीत पलंग सरकवलेला होता. भिंत छतापासून पार छातीच्या उंचीपर्यंत काळवंडली होती, रंग सुटून लोंबत होता. वास तर मलाही दारातूनच आला. काका भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. मास्तरांची बायको मागून आली. बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्याने, सावकाश बोलली, "काका, थांबा हं, मी दाखवते." तिने त्यांचा हात मनगटाशी धरला आणि हलकेच नेऊन ओल्या भिंतीवर ठेवला.

"इथे," ती म्हणाली. "इथपर्यंत उतरलीय बघा. लागतंय का हाताला?"

"हो," काका म्हणाले. "लागतंय."